देणाऱ्याची बायको

ज्या घरात एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवायचं ठरतं, त्या घरात सगळ्यांचं लक्ष दोघांकडे लागलेलं असतं, घेणाऱ्याकडे आणि देणाऱ्याकडे. मी हे तिसऱ्या माणसासाठी लिहितेय, देणाऱ्याच्या बायकोसाठी. ती बहुतेक वेळा चुलीपाशी असते, आणि तिला कुणी काही विचारत नाही.

परवा आमच्या कुंडलमधलीच एक सून माझ्याकडे आली. तिच्या थोरल्या दिराच्या किडन्या गेल्यात आणि तिचा नवरा आपली एक देणार आहे. "काकू, तुमच्या घरात झालं हुतं न्हवं? तिथं काय काय लागतं, सांगा की." मी सांगितलं. अंथरूण-पांघरूण जास्तीचं ने, चटणी-पीठ इथलंच ने, वाट बघायला लागते तेव्हा हाताला काहीतरी काम ठेव. ती उठली तेव्हा मी विचारलं, "तुला इचारलं का गं कुणी?" ती हसली. म्हणाली, "मला कशाला इचारत्यात?"

ती गेली आणि मी लिहायला बसले.

*

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पाऊस पुन्हा नीट पडायला लागला होता आणि शेतात ऊस उभा होता. घरात आम्ही दोघं, आमच्या दोन लहान मुली, सासूबाई आणि धाकटे दीर विलास. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. माझे यजमान दिनकर शेती बघायचे. विलासभावजी पलूसच्या हायस्कुलात मास्तर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते सातवीत होते. मी मॅट्रिक झालेली, म्हणून त्यांचा अभ्यास मीच घ्यायची. अक्षर इतकं वाईट होतं की त्यांच्याकडून पाटीभर एकच अक्षर गिरवून घ्यायची. पुढे तेच अक्षर फळ्यावर बघून हेडमास्तर कौतुक करायचे, तर भावजी म्हणायचे, "हे वैनीचं हाय." असं आमचं नातं.

त्यांचं लग्न ठरलं होतं. त्यासाठी नवे बूट आणले आणि ते पायात शिरेनात. आधी आम्ही दुकानदाराला नावं ठेवली. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. मग भाताच्या वाफेनंसुद्धा त्यांना उमासे यायला लागले. शेवटी आम्ही सांगलीला गेलो.

सांगलीचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं नाही. भावजींना समोर बसवलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यापासून लपवत नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. औषधानं ती परत येणार नाहीत." मग म्हणाले, दक्षिणेत एक मिशनचं इस्पितळ आहे, तिथं घरच्या माणसाचं मूत्रपिंड काढून बसवतात. काम नवीन आहे. सगळेच वाचतात असं नाही, पण नाही केलं तर काय होईल ते नक्की आहे.

बाहेर लिंबाखाली बसलो. आत्याबाईंनी आणलेली भाकरी कुणी सोडेना. भावजींनीच गाठोडं सोडलं. "आई, खा की. मी अजून हाय," म्हणाले आणि तिच्या तोंडात घास घातला. स्वतः एक तुकडा चावला आणि भिंतीकडे जाऊन ओकले. परत येऊन म्हणाले, "पोरीकडच्यांस्नी कळवा, आमचं न्हाई जमत म्हणून. पोरीचं वाटोळं नको."

ते डॉक्टर माझ्या अजून लक्षात आहेत. या सगळ्या आजारपणात खरं तोंडावर सांगणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

*

माझी नणंद, सुमनवन्सं, लोणंदला दिलेली. तिचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, तिथं कांद्याच्या अडतीवर काम बघायचे. त्यांना हिंदी-इंग्रजी येत होतं, त्यांनी सगळा देश बघितलेला होता. आमच्या घरात सासरे नव्हते, त्यामुळे मोठं काही ठरवायचं असलं की सुभेदारांना बोलावणं जायचं. दोघं तातडीनं आली.

सोप्यात बैठक बसली. किडनी कोण देणार? आत्याबाईंना साखरेचा आजार, त्यांची चालणार नव्हती. राहिले हे आणि वन्सं. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे बोलणं चाललं होतं. मी एवढंच विचारलं, "एक किडनी दिल्यावर माणसाला उसाच्या मोळ्या उचलता येत्यात का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुभेदार हसले. "शालन, तू फिकर करू नको. तपासण्या होऊ देत."

मला खरंच ते जाणून घ्यायचं होतं. आमच्या घरात कष्टाचा पुरुष एकच होता. मुली लहान होत्या. जो प्रश्न कुणीही विचारला असता तो मी विचारला. त्यांनी तो माझा नकारच समजला. त्या दिवसापासून मी सोप्यात पाऊल टाकलं की बोलणं पावसापाण्यावर जायचं. मला ते दिसत होतं. मी समजत होते की आजाराचं काही वाईट असेल, ते माझ्या कानावर पडू नये म्हणून करत असतील.

तपासण्या करून सगळी सांगलीहून आली. वन्सं दारातच म्हणाली, "माझं जुळलं गं."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी गेलेली बाई भावासाठी अंगातला तुकडा काढून देते, यापुढे मला काही मोठं वाटेना. त्या दिवसापासून मी तिला काडी उचलू दिली नाही. तिला तुपातला शिरा, निरसं दूध. दुपारी तिच्या पायांना तेल लावायची. तिची शस्त्रक्रिया नीट व्हावी म्हणून मी मंगळवार धरले. ती डोळे मिटून तेल लावून घ्यायची. एकदाही तिनं पाय मागं ओढला नाही.

*

मिरजेहून गाडीनं निघालो. मुलींना माझ्या आईकडे ठेवलं. मला सोबत नेलं ते स्वयंपाकासाठी. इस्पितळाच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. भावजी वॉर्डात, बाकी आम्ही पाच जणं त्या खोलीत. तिथल्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायची. डॉक्टरांशी काही बोलायचं असलं की सुभेदार जायचे आणि येऊन आम्हाला सांगायचे. आमचं सगळं जग त्या एका माणसाच्या तोंडातून आमच्यापर्यंत यायचं.

भावजींना आठवड्यातून दोनदा रक्त धुण्याच्या यंत्राला लावायचे. त्या दिवशी ते राखेसारखे होऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी जरा माणसात असायचे. वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात सगळ्यांचे नातेवाईक बसलेले असायचे. तिथं मला सांगलीच्या पद्माताई भेटल्या. जैन, हळदीचा व्यापार असलेल्या घरातल्या. त्यांचा मुलगा आत होता. दिवस मावळायच्या आत त्या जेवून घ्यायच्या आणि मग रोज मला हाक मारायच्या, "ये, ताक हाय, पी." परमुलखात आपल्या भाषेतलं ताक. आजारपणात असल्या बारक्या गोष्टींवरच माणूस तग धरतं.

हे मात्र खोलीत फार टिकत नव्हते. "विलासपाशी बसायचं हाय," "रक्त द्यायचं हाय," असं म्हणून जायचे. कधी दंडाला पट्टी असायची. एकदा लंगडत आले. मी घाबरले. म्हणाले, "काय न्हाई, जिन्यावर पाय घसारला." मी गुडघ्याला बाम चोळून दिला. पुढे कळलं की तपासणीसाठी जांघेतून नळी घातली होती, गुडघ्याला काहीच झालं नव्हतं. तरी त्यांनी तो मला चोळू दिला. वर म्हणाले, "बरं वाटतंय."

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारीच हे गेले. "आज तिथंच थांबायला सांगितलंय." वन्सं खोलीतच होती. मी विचारलं, "तुमाला अ‍ॅडमिट व्हायला न्हाई सांगितलं?" ती म्हणाली, "मला उद्या सकाळी." मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? माझीच माणसं होती.

*

सकाळी मी वन्सला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. सगळी व्हरांड्यात जाऊन बसलो. मी चहाचा थर्मास मांडीवर धरून बसले होते. वन्सला आत कधी बोलावतात याची वाट बघत होते.

आतून एक सिस्टर आली. केरळकडची असावी, मोडकं हिंदी बोलायची. हातात कागदाची पुडी होती. तिनं विचारलं, "दिनकर का वाइफ कौन है?"

माझ्या शेजारून वन्सं उठली आणि म्हणाली, "मैं."

मला वाटलं तिची ऐकण्यात चूक झाली. सिस्टरनं पुडी तिच्या हातात दिली. वन्सनं ती पदराखाली घेतली, पण कागद सुटला आणि आतलं खाली पडलं. ह्यांचं घड्याळ. हाताचा गंडा. आणि कातरीनं कापलेला करगोटा.

आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा काळा दोरा जिता असेपर्यंत काढत नाहीत. जुना झाला तरी नवा बांधल्याशिवाय सोडत नाहीत. तो कापलेला करगोटा माझ्या पायाशी पडला होता, आणि माझ्या नवऱ्याची बायको म्हणून माझी नणंद तो उचलत होती.

"वन्सं, हे काय हाय?"

"बस खाली. मग सांगते."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या फरशीकडे बघत होत्या. तेव्हा मला कळलं. एका क्षणात शिरा, दूध, तेल, मंगळवार, बाम, सगळं कळलं. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही.

मी सिस्टरच्या मागं धावले. तिचा हात धरला. "मैं है. मैं उसका वाइफ."

ती बावचळली. सुभेदार पुढं झाले आणि मोठ्या शांतपणानं हिंदीत म्हणाले, "सिस्टर, यह छोटी बहन है. घबरा गई है."

आयुष्यात मला बरंच काही ऐकून घ्यावं लागलं, पण त्या वाक्यासारखं काही नाही. सुभेदारांनी मला माझ्या नवऱ्याची बहीण करून टाकलं, आणि आत्याबाई ऐकत बसल्या. माझ्या बाजूनं बोलायला तिथं कोण होतं? पद्माताई होत्या. त्या उठून आल्या आणि त्यांना येत होतं तेवढ्या हिंदीत म्हणाल्या, "झूठ. यही बीवी है. महिनाभर देखती हूं मैं."

सिस्टरनं आमच्या तिघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि आत गेली. एका तरुण डॉक्टरला घेऊन आली. त्याला हिंदी बरं येत होतं. तो चिडलेला होता. म्हणाला, देणाऱ्याच्या बायकोशी बोलल्याशिवाय आम्ही पुढं जात नाही. आम्ही विचारलं त्या दिवशी बायको म्हणून जिनं मान डोलावली ती कोण होती?

 वन्सनं पदर तोंडावर ओढला.

डॉक्टर मला म्हणाला, "अभी शुरू नहीं हुआ. दोनों भाई अंदर हैं. आप बोलो तो मैं बड़े डॉक्टर को बोलूंगा."

"आधी त्यांना भेटू द्या," मी म्हणाले.

*

हे ढकलगाडीवर पडून होते. अंगात हिरवा झगा, डोक्याला कापड. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला. चोरी सापडलेल्या माणसासारखा.

"मला का सांगितलं न्हाई?"

"तू न्हाई म्हणाली असतीस."

"इचारलं का?"

ते वर छताकडे बघायला लागले. "त्यो माझा भाऊ हाय, शालन."

"आन मी कोण हाय? तुमी मेलासा तर पोरींस्नी काय सांगू? बाप कुठं गेला ते मलाच ठाव न्हवतं, असं सांगू?"

"आईनं शपथ घातली हुती."

"माझ्या गळ्यात हे बांधलंत तवा कुणाची शपथ घेतली हुती?"

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानाकडे ओघळलं. सिस्टरनं माझ्या खांद्याला हात लावला. पलीकडच्या पडद्यामागं भावजी गुंगीच्या औषधानं पडलेले असणार होते. त्यांचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखत होते. सातवीतल्या मुलाचा होता तेव्हापासून ओळखत होते.

बाहेर आले तर आत्याबाईंनी माझे पाय धरले. सासू सुनेच्या पायावर. "पोरी, माझा विलास. तुझ्या पाया पडते. माझा विलास." सगळा व्हरांडा बघत होता.

डॉक्टरनं विचारलं, "बोलिए."

मी म्हणाले, "करो."

पुढे लोक मला म्हणाले, शेवटी तुम्ही हो म्हणालातच की. मग विचारलं नाही असं कसं म्हणता? त्यांना मी सांगते, ते विचारणं नव्हतं. एक माणूस पडद्यामागं मरायला टेकलेला, दुसरा झगा घालून आडवा, सासू पायाशी, आणि मग मला म्हणतात बोला. गळ्याला विळा लावून दिलेल्या होकाराला होकार म्हणत नाहीत.

घरी, सोप्यात, चहा निवत असताना मला विचारलं असतं तर? मी काय म्हणाले असते? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित दोन दिवस रडले असते, भांडले असते, आणि हो म्हणाले असते. कदाचित नसते. मी कशी बाई आहे हे कळायची ती एक वेळ होती, आणि ती माझ्या माणसांनी मला मिळू दिली नाही.

*

मग वाट बघणं. मी घरच्यांपासून लांब, पद्माताईंजवळ बसले. त्यांनी मला हळदीच्या रंगाची लोकर आणि सुया दिल्या. मला विणता येत नव्हतं. त्या टाके घालून द्यायच्या आणि मी ते चुकवायची. त्या उसवून पुन्हा घालून द्यायच्या. तेवढंच आम्ही करत होतो. पलीकडच्या बाकावर वन्सं जपमाळ ओढत होती. सुभेदार येरझाऱ्या घालत होते. तेवढ्या वेळात एकदाही त्यांची नजर माझ्याकडे वळली नाही.

आधी ह्यांना बाहेर आणलं. शुद्धीत नव्हते, पण श्वास चालू होता. मी त्यांच्या पावलांना हात लावला. गार होती. मी ती पदरात धरून वॉर्डापर्यंत चालत गेले. राग होता की नव्हता, त्या वेळी काही सांगता येत नव्हतं. पाय गार होते एवढंच कळत होतं.

दुपार कलल्यावर तोच तरुण डॉक्टर आला. त्याचा सगळा चेहरा हसत होता. म्हणाला, पेशाब आया. नवीन किडनी बसवताक्षणी लघवी सुटली, टेबलावरच. आत्याबाईंनी हंबरडा फोडला. सुभेदार भिंतीला टेकून मुलासारखे रडले. एका माणसाला लघवी झाली म्हणून चार माणसं रडतायत, पद्माताई डोळे पुसत हसतायत. मीही रडले. मला आनंद झाला होता. तो आनंदसुद्धा मला कुणीतरी फसवून दिल्यासारखा वाटला.

*

भावजींना काचेमागच्या खोलीत ठेवलं होतं. जंतू लागू नयेत म्हणून कुणाला आत सोडत नव्हते. आम्ही काचेबाहेर उभं राहायचं आणि हात हलवायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते काचेला लागून असलेल्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावरची ती राख गेली होती, गालांवर रंग होता. मला बघताच त्यांनी दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, आणि वाकले. टाके ओढले असतील, तरी वाकले. तोंडानं काहीतरी म्हणत होते. आवाज काचेतून येत नव्हता.

वन्सं माझ्या कानाशी म्हणाली, "त्याला सांगितलंय, वैनीनं आपणहून हो म्हटलं म्हणून. त्यो घेतच न्हवता गं. वैनीची मर्जी असंल तरच, म्हणायचा. आता काय बोलू नको. त्याच्या जिवाला लागंल."

म्हणजे ज्याला माझी मर्जी हवी होती असा एक माणूस त्या घरात होता, आणि त्यालाही फसवलं होतं, माझ्याच नावानं.

मी काचेला हात टेकवला. त्यांनी आतून टेकवला. मी हसले. काय करणार होते?

*

घरी आलो तर गावानं हलगी लावून मिरवलं. ह्यांच्या गळ्यात हार. भाऊ असावा तर असा. लोणंदच्या वन्सचंही कौतुक, किती धावपळ केली म्हणून. मी घागरी उचलल्या. ह्यांना कितीतरी महिने ओझं उचलायची बंदी होती, म्हणून उसाला पाणी मी पाजलं. पाटाच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून खोरं ओढताना माझा तो मोळ्यांचा प्रश्न मला आठवायचा. त्याचं उत्तर मी आता स्वतःच्या अंगानं देत होते.

ह्यांच्याशी मी कामापुरतं बोलायची. एकदा कुशीवरच्या व्रणाला तेल लावताना म्हणाले, "अजून किती दिस धरून बसणार? विलास जगला न्हवं?"

"जगला. मला लय आनंद हाय."

"मग?"

"मग काय? तुमी माझ्यापाशी निजत हुता, माझ्या हातचं खात हुता, आन तोंड शिवून बसला हुता. त्याचं काय?"

"बाई, तुला समजायचं न्हाई. मर्दांचं असतं ते."

मी तेलाची वाटी ठेवली आणि उठले.

वन्सशी मी बोलणं सोडलं नाही, पण तिच्या पायांवर डोकं ठेवणं सोडलं. दिवाळीला ती आली की मी लांबून नमस्कार करायची. तिला ते कळायचं. एकदा म्हणाली, "माझ्या जागी तू असतीस तर?" मी म्हणाले, "तुमच्या जागी मी न्हवते, वन्सं. माझ्या जागी तुमी हुता."

*

भावजी काही वर्षं चांगले जगले. रोज मूठभर गोळ्या खायचे, गाल फुगलेले असायचे, पण शाळेत जायचे. मग दशकाच्या अखेरीला त्यांना साधा ताप आला आणि उतरेना. त्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी होते, बारीक रोगही मग हटत नाही. पुन्हा सांगलीचं इस्पितळ. मी डबा घेऊन रोज जायची.

एका दुपारी वॉर्ड शांत होता. मी त्यांना पेज पाजत होते. त्यांनी चमचा बाजूला केला. "वैनी, एक इचारू? त्या टायमाला तुमाला इचारलं न्हवतं, व्हय?"

मी पेजेकडे बघितलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. इतकी वर्सं बघतोय. तुमी दादाशी बोलत न्हाई. सुमनअक्काच्या पाया पडत न्हाई. मी काय आंधळा हाय?"

"न्हाई इचारलं," मी म्हणाले.

त्यांनी उशीवरचं डोकं खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "मग मी तुमच्या घरातलं चोरून खाल्लं की."

"तुमी न्हाई चोरलं. तुमालाबी फसवलं."

"वैनी, खरं सांगा. इचारलं असतं तर दिली असती?"

मरणाच्या दारात असलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, ते मला माहीत होतं. पण त्या घरात त्याच कारणानं सगळे खोटं बोलत आले होते. मी म्हणाले, "ठाव न्हाई, भावजी."

त्यांनी माझ्या हातातून चमचा घेतला आणि स्वतःच्या हातानं पेज प्यायले. "बरं झालं," म्हणाले. "व्हय म्हणाला असता तर मला खरं वाटलं नसतं."

चार-सहा दिवसांत ते गेले.

*

त्यानंतर आत्याबाई गेल्या. सुभेदार थकले. ज्यांनी सोप्यात बसून ठरवलं, त्यातली आता तिघंच उरलीत.

ह्यांनी आजवर "चुकलं" असं एकदाही म्हटलेलं नाही. पण भावजी गेल्यापासून एक सवय लागलीय. बैल घ्यायचा तर मला विचारतात. लावण कुठल्या उसाची करायची, विचारतात. पाव्हण्यांकडं जायचं का, विचारतात. सदरा कुठला घालू, हेही विचारतात. चार लोकांसमोर मोठ्यानं हाक मारून विचारतात. पारावरची माणसं हसतात, दिनकर बायकोला विचारल्याशिवाय पाणी पीत न्हाई. हे हसत नाहीत, आणि विचारायचं सोडत नाहीत.

ते काय करतायत हे मला कळतं. मी प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून विचार करते आणि नीट उत्तर देते. पण जे विचारायला हवं होतं ते एकच होतं, आणि ते आता त्यांना विचारता येत नाही, मला सांगता येत नाही.

परवा आलेल्या त्या सुनेच्या घरी मी काल जाऊन आले. तिच्या नवऱ्याला अंगणात उभं केलं. म्हणाले, "बाबा, तू भावाला काय द्यायचं ते दे. पण आधी हिच्यासमोर बस आन इचार. आन ही बोलंपर्यंत थांब. लय वेळ लागला तरी थांब."

तो मान खाली घालून म्हणाला, "ती न्हाई म्हणाली तर, काकू?"

मी म्हणाले, "मग तुला कळंल, तू कुणाबरोबर संसार करतोस. मला ते आमच्या माणसानं कळू दिलं न्हाई. त्यालाबी कळलं न्हाई, आन मलाबी न्हाई."